मागच्या सीटवरून गाडी बघा

नमस्कार श्रोतेहो.

आमच्याकडे गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा शोरूमच्या आधी मी मोजपट्टी घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलो. आमची इमारत ठाण्यात, घोडबंदर रोडला. पार्किंग स्टॅकचं, म्हणजे एका गाडीच्या डोक्यावर दुसरी. खांबावरच्या पाटीवर उंची नि वजनाची मर्यादा लिहिलेली. मेहुण्यांची आवडती मोठी गाडी तिथेच बाद झाली. बरंच झालं म्हणा, तीन हात नाक्यावर संध्याकाळी सहाला मोठी गाडी काय मिरवणार?

‘छोटी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा,’ असं आई म्हणाली. एकेकाळी ते खरंही होतं. पण 1 ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही गाड्यांच्या सुरक्षिततेची चाचणी आहे. ताशी 64 किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवतात, बाजूने धडक देतात आणि मोठ्यांसाठी व मुलांसाठी वेगवेगळे स्टार देतात. त्याआधीच, 2021 मध्ये, टाटा पंचसारख्या चार मीटरच्या आतल्या गाडीला ग्लोबल एनकॅप या आंतरराष्ट्रीय चाचणीत मोठ्यांसाठी पाचपैकी पाच स्टार मिळाले होते, मुलांसाठी मात्र चार. म्हणून दोन्ही आकडे विचारा. आणि पाच स्टार म्हणजे ट्रकशी टक्कर घ्यायचा परवाना नव्हे. समोरच्याचं वजन काही स्टार बघून कमी होत नाही.

शोरूममध्ये सगळे स्टिअरिंगमागे बसून बघतात. मी आईला घेऊन मागे बसलो. तिचा गुडघा वाकतो का, दार पुरतं उघडतं का, मधल्या सीटलाही तीन बिंदूंचा, म्हणजे खांदा नि कंबर दोन्ही धरणारा पट्टा आहे का, हे बघितलं. मग सीट आणि पाठ यांच्या फटीत बोटं घातली. आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलांची सीट पक्की अडकवायच्या लोखंडी कड्या हाताला लागल्या. लेकीची सीट त्यांतच अडकवायची होती. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट मात्र चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवू नका.

गाडी घरी आली आणि मी स्वतःच घोळ घातला. हौसेने जाड सीटकव्हर शिवून घेतली. मागच्या पट्ट्यांची बक्कलं कव्हराखाली गडप! वर सीटच्या कडेतून उघडणाऱ्या एअरबॅगची वाटही शिवून टाकलेली. दुसऱ्याच दिवशी सगळी कव्हरं काढली. पैसे गेले, बायकोने ऐकवलं ते वेगळंच.

4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले, आठवतं? गाडी महागडी होती. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागच्या प्रवाशाने पट्टा न लावल्यास हजार रुपये दंड आहे, पण आपल्याकडे पोलीस दिसला की फक्त पुढच्यांचे हात पट्ट्याकडे जातात.

आईला बक्कल सापडायला अजून दोन मिनिटं लागतात. ‘झालं का गं?’ मी आरशातून विचारतो. टक्‌ असा आवाज आला की मगच चावी फिरवतो.