आधी काच

[दृश्य : सासष्टीतल्या एका जुन्या घरातली अंधारी खोली. लेन्समधून आरपार जाणारा टॉर्चचा झोत. भिंगाच्या काठाशी पांढुरके धागे.]

समोरून पाहिली तेव्हा विकायला काढलेली ही वापरलेली लेन्स नव्यासारखी होती. रंग शाबूत, आकडे स्पष्ट, फोकसची कडी हवी तशी फिरणारी. मागून टॉर्च लावला, जरा तिरका धरला, आणि हे दिसलं. बुरशी. पावसाळ्यात बंद कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर चढते ना, तिचीच बहीण. चप्पल पुसून उन्हात टाकता येते. इथे मात्र बुरशीतून आम्ल सुटतं. ते आधी भिंगावरचा लेप खातं, मग भिंगालाच लागतं. दोन भिंगं चिकटवलेल्या सांध्यात ती शिरली असेल, तर साफ करणाऱ्याचा हातही तिथे पोचत नाही.

घर एका निवृत्त तारवटीचं. जहाजावरच्या नोकरीत बंदरांवर हौसेने घेतलेले कॅमेरे त्यांनी आता विकायला काढलेत. बघायला आलेली मुलगी फोंड्याची. लग्नाचे फोटो काढून पोट भरते आणि जत्रा सुरू झाल्या की रात्ररात्र दहीकाल्याच्या नाटकाला बसते. तिला डिजिटल रेंजफाइंडर हवाय, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस करायचा कॅमेरा. वापरलेलाच, कारण लायका या जर्मन कंपनीच्या नव्या कॅमेऱ्याच्या किमतीत दारात गाडी येते.

लेन्सवर ‘समिक्रॉन’ हे लायकाच्या लेन्सचं नाव वाचून तिचा चेहरा खुलला, तेव्हा तारवटी म्हणाले, “बाय, नांव कितें वाचता? कांच पळय.” नाव काय वाचतेस, काच बघ.

[दृश्य : व्ह्यूफाइंडरमधून दिसणारा माड. मधल्या चौकोनात दोन माड. कडी फिरते, दोनाचा एक होतो.]

हे दृश्य टिपायला आमच्या कॅमेरामनने मोबाइल व्ह्यूफाइंडरला टेकवून बराच वेळ घालवला, त्यामुळे जरा निवांत बघा. रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून बघतच नाही. कॅमेऱ्याच्या अंगावर दोन खिडक्या असतात. लायकाच्या एम मालिकेतल्या बहुतेक कॅमेऱ्यांत त्यांच्यातलं अंतर ६९.२५ मिलिमीटर. दोन खिडक्यांतून आलेल्या दोन प्रतिमा मधल्या चौकोनात, म्हणजे पॅचमध्ये, एकमेकींवर पडतात. लेन्सची कडी फिरली की लेन्सच्या मागचं धातूचं कडं कॅमेऱ्यातल्या एका चाकाला ढकलतं, चाकाला जोडलेला दांडा हलतो, दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही जुळल्या की फोकस जुळला. यात बॅटरीचा काही संबंध नाही. १९५४ साली आलेल्या एम३ मध्ये हेच होतं, आजच्या बहुतेक डिजिटल एममध्येही हेच आहे, म्हणून तेव्हाची लेन्स आज बसते. त्याआधीच्या, आटे असलेल्या लेन्सलाही एक मिलिमीटर जाडीचं ॲडॅप्टरचं कडं पुरतं.

आणि म्हणूनच वापरलेला कॅमेरा घेताना हा दांडा तपासायचा असतो. कधी काळी पडलेला, आपटलेला कॅमेरा बाहेरून साजरा दिसतो, पण आतला दांडा केसभर सरकलेला असतो.

[दृश्य : मिरामार. मांडवीच्या मुखापलीकडे आग्वादचा किल्ला. कॅमेरा डोळ्याला.]

कडी अनंतावर. दूरच्या किल्ल्याची कड पॅचमध्ये एकसंध दिसायला हवी. दोन कडा आडव्या सरकलेल्या दिसल्या, तर दूरचा फोकस चुकतोय. एक कड वर, एक खाली दिसली, तर फोकस बिघडत नाही, पण डोळा शिणतो. जवळच्यासाठी मीटरभरावर तिरकी ठेवलेली मोजपट्टी पुरते. लेन्समधलं उजेडाचं छिद्र पूर्ण उघडायचं, एका आकड्यावर फोकस करायचा, फोटो काढायचा आणि तोच आकडा स्वच्छ आलाय का ते बघायचं. जुन्या रशियन ज्युपिटर लेन्स स्वस्त मिळतात, त्या या मोजपट्टीवर अनेकदा उघड्या पडतात. दूरचं ठीक, जवळचं भलतीकडेच.

[दृश्य : टेबलावर कॅमेरे. एप्सनच्या माथ्यावरच्या तबकड्या, थरथरणारे काटे.]

हा एप्सन आर-डी१. २००४ सालचा, जगातला पहिला डिजिटल रेंजफाइंडर. सेन्सर ६ मेगापिक्सेलचा. किती फोटो उरले, बॅटरी किती, हे काट्यांनी दाखवतो. आत फिल्म नाही, तरी प्रत्येक फोटोआधी खटका ओढावा लागतो. बघायला याच्याइतका सुंदर दुसरा नाही, आणि आम्ही तो गरजेपेक्षा जास्त चित्रित केला हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण तो दोन जीबीपर्यंतचीच जुनी कार्डं वाचतो. सेन्सर लहान असल्यामुळे ३५ मिलिमीटरची लेन्स यावर ५०च्या आसपासचं दृश्य देते.

[दृश्य : ऑगस्ट. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. पावसात काळ्या छत्र्या. कट. त्याच छत्र्या, जांभळ्या.]

रंग आम्ही बदललेला नाही. तारवटींनी वापरून बघायला दिलेल्या लायका एम८ ने हे असंच टिपलं. २००६ चा हा कॅमेरा. सेन्सरपुढची काच पातळ ठेवली गेली, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण आत शिरतात. कृत्रिम धाग्याचं काळं कापड ते किरण भरपूर परतवतं, म्हणून छत्र्या, कोट, पिशव्या जांभळट येतात. लेन्सवर हे किरण अडवणारा यूव्ही-आयआर फिल्टर लावला की काळं काळंच राहतं. लायकाने त्या वेळी ग्राहकांना असे दोन फिल्टर फुकट दिले होते. आज एम८ घेताना प्रत्येक लेन्सच्या मापाचा फिल्टर किमतीत धरावा. कृष्णधवल काढणाऱ्यांना मात्र हा दोष नसून चैन वाटते.

[दृश्य : पांढरं आभाळ. स्क्रीनवर मोठा केलेला फोटो. ठिपके, ठिपक्यांभोवती उजळ कडी.]

लायका एम९. २००९, १८ मेगापिक्सेल, फिल्मच्या फ्रेमएवढा पूर्ण सेन्सर. याच्या रंगांवर जीव टाकणारे लोक आजही आहेत. पण छिद्र अगदी बारीक करून, एफ १६ वर आणून आभाळाचा फोटो काढल्यावर हे दिसलं. साधी धूळ असेल तर नुसता काळपट डाग येतो आणि तो झटकता येतो. डागाभोवती असं कडं दिसलं, तर सेन्सरवरची काच ओलाव्याने गंजायला लागली आहे. लायका काही वर्षं असे सेन्सर मोफत बदलून देत होती. ती सवलत २०१७ मध्ये संपली, पुढे सुटे सेन्सरही संपले. त्यामुळे एम९ घेताना सेन्सर बदलल्याची पावती मागावी. ‘पावती सापडत नाही’ म्हणणाऱ्याकडे आभाळाचा फोटो मागावा. तारवटींनी हा फोटो बघितला आणि एम९ स्वतःच बाजूला ठेवला.

[दृश्य : पेडणे तालुका, मध्यरात्र. दहीकाला. पडद्याआडून येणारा संकासुर, लोंबती जीभ, मुलांची पळापळ.]

रेंजफाइंडर कशासाठी, याचं उत्तर इथे मिळतं. व्ह्यूफाइंडरमध्ये पांढऱ्या रेषांची चौकट असते आणि तिच्या बाहेरचंही दिसत राहतं. संकासुर, दहीकाल्यातला राक्षस, चौकटीत यायच्या आधीच डाव्या बाजूला दिसला. बोट तयार होतं.

[इथे निवेदन नाही. झांजा आणि मृदंग चालू द्यावा.]

चष्मा लावणाऱ्यांनी २८च्या रेषा डोळ्यात मावतात का ते आधी बघावं. बहुतेकांना मावत नाहीत. ३५ आणि ५०, या दोन लेन्सवर आयुष्य निघतं. ९०ची लेन्स पूर्ण उघडून अंधारात फोकस करणं म्हणजे जुगार, दुकानदार काहीही सांगो.

या रात्री फोंड्याच्या मुलीच्या हातात आहे लायका एम टाइप २४०, मुंबईतून वापरलेला घेतलेला. २४ मेगापिक्सेल, आयएसओ, म्हणजे कमी उजेडात टिपायची ताकद, ६४०० पर्यंत. एम९ची मजल २५००ला संपायची आणि कंदिलाच्या उजेडात तेवढ्याने भागत नाही. त्यावरची लेन्स तारवटींकडची. फोक्टलँडर कंपनीची ३५, एफ २.५. बाहेरचा रंग उडालेला, एका बाजूला पोचा. टॉर्च लावला तर आत लख्ख.

पॅच जुळवायला कॅमेरा पुन्हा एकदा मुंबईला पाठवावा लागला, आणि लग्नसराईची अर्धी कमाई यात गेली.

[दृश्य : स्वयंपाकघर. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आर्द्रतेचा काटा.]

चामड्याची पिशवी तिने माळ्यावर टाकली, कारण चामडं ओल धरून ठेवतं. लेन्स डब्यात. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. त्याहून फार खाली नेऊ नये, लेन्समधलं ग्रीस सुकतं आणि कडी जड फिरते. ओल प्यालेले जेलचे दाणे ती पुडीतून काढून तव्यावर मंद आचेवर भाजते, गार झाले की परत भरते. जेलसाठीचा तवा वेगळा ठेवलाय, भाकरीचा नाही.