काठावर कासरा ठेवा

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की सांगलीच्या घाटांवर आणि मिरज-तासगावकडच्या विहिरींवर पोरांचा दंगा सुरू होतो. सूर, मुटके, पाठीला बांधलेले डबे, टायरच्या ट्यूबा. पोरांना पोहायला शिकवावंच. 'पाण्याजवळ फिरकायचं नाही' अशा धाकात वाढलेलं पोर एक दिवस चोरून जातं, तेव्हा काठावर कोणी मोठं माणूस नसतं. आज मी बोलणार आहे ते या काठावरच्या माणसाबद्दल.

बुडणारा 'वाचवा, वाचवा' ओरडतो, ते सिनेमात. खरं तर त्याला श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, ओरडणार कुठून? तो पाण्यात उभा असतो, मान मागे टाकलेली, तोंड पाण्याच्या पातळीला, हातांनी पाणी खाली दाबत, शिडी चढत असल्यासारखा. मिनिटभरातही सगळं आटोपू शकतं. त्यामुळं दंगा करणारं पोर एकाएकी गप्प झालं, तर लगेच हाक मारा. ओ आली नाही, तर मस्करी करतोय असं समजू नका.

आणि इथंच आपण चुकतो. धाडकन उडी टाकतो. एकाला काढायला गेलेला दुसराही गेला, ही बातमी दर उन्हाळ्यात वाचायला मिळते. बुडणारा हाताला लागेल त्याला मिठी मारतो, त्याच्या खांद्यावर चढू बघतो. मग सख्खा भाऊ का असेना, पट्टीचा पोहणारा का असेना, त्या मिठीतून सुटणं अवघड.

त्यापेक्षा काठावर पालथे पडा आणि बांबू, साडी, कासरा, जे असेल ते पुढं करा. पाच लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावलेला, माणसाचं तोंड पाण्यावर ठेवायला पुरतो. त्यात पेलाभर पाणी राहू द्या, म्हणजे फेकताना वाऱ्यानं भरकटत नाही. कॅनला दोर बांधा, बुडणाऱ्याच्या पलीकडं टाका आणि त्याच्याकडं ओढत आणा. प्रत्येक विहिरीवर असा एक कॅन टांगायला खर्च तो किती!

नदीची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात अख्खी सांगली आयर्विन पुलाकडं डोळे लावून बसते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे पोरांनाही पाठ. उन्हाळ्यात मात्र कोणी बघत नाही. वर धरणातून पाणी सोडलं, की इथं आभाळ कोरडं असताना कृष्णा वाढते. वाळू उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल थेट खड्ड्यात पडतं. आणि बंधाऱ्यावरून पाणी कोसळत असेल, तर खाली मुळीच उतरू नका. तिथलं पाणी माणसाला पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडंच ओढतं. धारेत सापडलात तर उलटं पोहून दमू नका, धारेबरोबर तिरके काठाकडं सरका.

बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, पोट दाबणं, गरागरा फिरवणं अजून चालतं. कृपा करून थांबवा. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल, तर एकानं १०८ ला फोन करावा, दुसऱ्यानं नाक चिमटीत धरून तोंडानं पाच श्वास द्यावेत. तरी हालचाल नसेल, तर छातीच्या मधोमध तीस वेळा जोरात दाबायचं, दोन श्वास, परत तीस. गाडी येईपर्यंत.

पोर उठून बसलं, 'बरं वाटतंय' म्हणालं, तरी दवाखान्यात न्याच. छातीत गेलेलं पाणी काही तासांनीही दम लावतं.