लाकडाला वारा लागू द्या

मंडळी, राम राम.

तळ्याकाठी थोडी जागा घ्यायची, त्यावर लाकडी घर बांधायचं आणि शनिवार-रविवार तिथे जाऊन निवांत बसायचं, ही हौस आपल्या खान्देशात आता चांगलीच रुजली आहे. मला या हौसेचं मनापासून कौतुक आहे. जळगावच्या उन्हात आठवडा काढलेल्या माणसाला पाण्याकाठची संध्याकाळ मिळालीच पाहिजे. पण माझं सगळं आयुष्य जुन्या लाकडी घरांच्या दुरुस्तीत गेलं. त्यामुळे असं नवं घर दिसलं की माझं लक्ष आधी खांबाच्या पायाकडे जातं. तिथे काय बघायचं, ते आज सांगणार आहे.

बहुतेक लोक येताना मोबाइलमध्ये एक फोटो घेऊन येतात. आडव्या ओंडक्यांची भिंत, वर उतरतं छप्पर, समोर निळं तळं. ‘असंच हवं,’ म्हणतात. ते घर नॉर्वे, फिनलंड, रशिया, कॅनडा या मुलखातलं. तिथे पाइन आणि स्प्रूसची झाडं सरळसोट वाढतात, थंडी हाडं गोठवणारी असते आणि जाड लाकूड ऊब धरून ठेवतं. तिकडच्या लोकांनी ही विद्या कुठल्या कुठे नेली आहे. रशियात ओनेगा नावाच्या प्रचंड सरोवरातल्या किझी बेटावर 1714 सालचं एक चर्च उभं आहे. त्याला 22 घुमट आहेत आणि ते सबंध ओंडक्यांचं आहे. 1990 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. अलीकडे त्याची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा वरचा डोलारा आधारावर तोलून धरला आणि ओंडक्यांचे थर सोडवून, कुजलेला भाग बदलून पुन्हा बसवले. सुरुवात केली ती सगळ्यात खालच्या थरापासून.

आता लाकडाचा स्वभाव बघा. लाकूड वाळताना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ आकसत नाही. ओंडके आडवे रचून भिंत केली की प्रत्येक ओंडका थोडा थोडा बारीक होतो आणि सगळी भिंत खाली बसते. ओल्या लाकडाची आठ फूट भिंत तीन-चार इंच सहज उतरते. म्हणून तिकडचे कारागीर दारा-खिडक्यांच्या वर मुद्दाम फट ठेवतात, ती पट्टीने झाकतात, आणि आतल्या उभ्या खांबांखाली स्क्रू जॅक बसवून दरवर्षी थोडे थोडे उतरवत जातात. ही फट न ठेवता कोणी ओंडक्यांचं घर बांधून दिलं, तर दोन-तीन वर्षांत दारं अडकतात, काचा तडकतात आणि मालक म्हणतो, लाकूडच खराब निघालं.

आपल्या जुन्या घरांना ही अडचण कधी आलीच नाही. आपल्याकडे भार उभ्या खांबावर. दगडी जोतं, जोत्यावर तळखडा म्हणजे खांबाखालचा दगड, तळखड्यावर खांब, खांबावर तुळई म्हणजे जाड आडवं लाकूड, तुळईवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर फळ्या. उभा खांब लांबीत आकसत नाही, म्हणून घर बसत नाही. धुळे-जळगावकडचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर घ्या किंवा सातपुड्यातलं पावरा आदिवासी बांधवांचं लाकडी खांब आणि बांबूच्या कुडाचं, वर कौलं घातलेलं घर घ्या, दोन्हींची हाडं उभ्या लाकडाचीच आहेत. माझं ठाम मत आहे की खान्देशात तळ्याकाठी लाकडी घर बांधायचं तर ते या रीतीने बांधावं. सागाचे ओंडके भिंतीत रचणं म्हणजे चांगल्या लाकडाची नासाडी आहे. इथल्या उन्हाला तशा भिंतीचा उपयोग नाही, सावलीचा आणि हवेचा आहे.

लाकूडही आपल्याकडे अव्वल. साग आहेच, आणि आपला अंजन. धुळ्याजवळच्या लळिंगच्या बाजूला, सातपुड्याच्या उतारावर हे झाड तुम्ही पाहिलं असेल. भारतातल्या सगळ्यात जड लाकडांत त्याची गणना होते, खिळा ठोकायला गेलात तर खिळाच वाकतो. पण मला विचाराल तर नवं झाड तोडायला लावू नका. मोडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड घ्या. ते कधीच वाळून पक्कं झालेलं असतं, पुन्हा आकसण्या-वाकण्याची भीती फारशी नाही. फक्त घेताना बघा की गाभ्याचं लाकूड आहे ना. सागाला वाळवी लागत नाही असं सगळे म्हणतात, ते गाभ्यापुरतं खरं. गाभ्यातल्या तेलामुळे आणि द्रव्यांमुळे वाळवी लांब राहते. सालीखालचा फिकट पट्टा मात्र वाळवी आणि भुंगेरे चवीने खातात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्याकडे एक म्हातारे सुतार होते. तरुणपणी मी त्यांच्या हाताखाली शिकलो. ते म्हणायचे, ‘लाकूडले पानी लागनं ते लागू दे भो, पन वारा लागाले जोयजे.’ यात लाकडी घराची सगळी निगा आली. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला ओल लागते, एखाद्या दिवसाची नव्हे, टिकून राहिलेली. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीचं काही चालत नाही. पावसात खांब भिजला आणि दोन दिवसांत वाळला, काही बिघडत नाही. तोच खांब सिमेंटच्या कोब्यात गाडला, तर खालची ओल वर चढते, बाहेर पडायला वाट नाही आणि आतल्या आत पाय सडतो. नव्या घरांत मला सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच. खांब काँक्रीटमध्ये पुरलेला, वर छान टाइल्स. बाहेरून काही कळत नाही.

कळायचं कसं? एक दाभण घ्या. पोती शिवायचं साधं दाभण. खांबाच्या पायाशी, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत चारही अंगांनी टोचून बघा. चांगल्या सागात टोक जेमतेम रुततं आणि हाताला कडक लागतं. कुजलेल्या लाकडात ते विनातक्रार आत जातं. रंगाच्या पापुद्र्याखाली लाकूड मऊ झालेलं असलं तरी दाभण फसत नाही. असा खांब सापडला म्हणून घाबरू नका, सगळा बदलायची गरज नसते. तुळईला टेकू देऊन भार उचलायचा, कुजका पाय निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा, नव्या गाभ्याच्या तुकड्याला तिरकी लांब खाच काढून, कुसू म्हणजे खाचेत बसणारं टोक धरून जोड द्यायचा आणि खाली तळखडा बसवायचा. जुन्या वाड्यांत असे पाय लावलेले खांब पिढ्यान्‌पिढ्या भार पेलत उभे आहेत. जोड मात्र जाणत्या सुताराकडूनच करून घ्या.

तळखड्याचा दुसरा फायदा वाळवीसाठी. जमिनीतली वाळवी उघड्यावरून चालत नाही, मातीची बोटभर जाड नळी करत चढते. खांब दगडावर असेल तर ती नळी दगडावर दिसते, तुम्ही मोडू शकता आणि वेळीच उपाय करू शकता. खांब मातीत असेल तर ती आतूनच चढते. म्हणून घराभोवती हातभर जागा मोकळी ठेवा. सरपण भिंतीला टेकवून रचू नका, वेली खांबावर चढवू नका, फुलझाडांचे वाफे जोत्याला चिकटवू नका. फोटोत ते सुंदर दिसतं, पण त्याने वारा अडतो आणि वाळवीला आडोसा मिळतो.

छपराच्या वळचणी दोन-अडीच फूट बाहेर येऊ द्या. तोरणमाळसारख्या ठिकाणी, साडेतीन हजार फुटांच्या वर, पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. तिथे यशवंत तलावाच्या बाजूने कोणी घर बांधणार असेल, तर मी त्याहूनही जास्त सांगेन. वळचणीचं पाणी जिथे पडतं तिथे खडी पसरा, म्हणजे चिखलाचे शिंतोडे खांबावर उडणार नाहीत. तापीकाठच्या काळ्या मातीत आणखी एक काळजी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं जोतं हलवते. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल, तर दार अडकलं म्हणून दार रंधून काही होत नाही.

भेगांबद्दल लोक फार विचारतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात जाड लाकूड तडकणारच, त्याने ताकद फारशी जात नाही. आडव्या लाकडाच्या वरच्या अंगाला भेग असेल तर तिच्यात पाणी साचतं, ती भरा. खालच्या अंगाची भेग तशीच राहू द्या, तिच्यातून लाकूड श्वास घेतं.

आता तेल. ऑइल पेंटचा जाड थर मी बाहेरच्या लाकडाला सुचवत नाही. कुठेतरी चीर पडते, पाणी आत शिरतं आणि रंगाखाली कोंडतं. जवसाचं तेल लाकडात मुरतं आणि हवेने घट्ट होतं. थोडं टर्पेंटाइन मिसळून पहिला हात द्या, मुरू द्या, वर राहिलेलं अर्ध्या तासात पुसून काढा. भर दुपारी लावू नका, तापलेल्या लाकडावर ते चिकट राहतं. सकाळी लवकर, सावलीच्या बाजूला लावा. आणि हे नीट ऐका: जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती साठते आणि चिंधी आपोआप पेट घेते. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. लाकडी घरात ही गोष्ट लहान मुलालाही माहीत हवी.

आपल्याकडे गाडीचं जळकं ऑइल लाकडाला फासायची सवय आहे. फुकट मिळतं, वाळवी येत नाही म्हणतात. तळ्याकाठी तर ते अजिबात लावू नका. पहिल्या पावसात त्यातलं काळं तेल आणि धातूंचा अंश धुऊन तळ्यात उतरतो. ज्या पाण्यासाठी आपण तिथे गेलो, त्यातच ते जातं. तापीवरच्या हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात चक्रवाक येतात, थापट्या बदकं येतात. ती काठच्या उथळ चिखलात चरतात, आणि वाहून आलेला मळ आधी तिथेच थांबतो. बांबूच्या कामाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी चांगलं, भुंगेऱ्याला ते पुरून उरतं. पण पावसाने धुऊन जातं, म्हणून आतल्या, आडोशाच्या कामालाच वापरा. बांबू आधी काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची आपली जुनी रीत आहेच. त्याने आतलं पिठूळ सत्त्व निघून जातं आणि भुंगेऱ्याला खायला उरत नाही.

शौचालयाची टाकी काठापासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या. काठावरचा लव्हाळा ‘स्वच्छता’ म्हणून उपटू नका. घरातून वाहून येणारा मळ तोच धरून ठेवतो.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, मग आराम कधी करायचा? मला हा प्रश्न पटत नाही. आपल्या भागात घराचं काम आणि सुटीची मजा कधी वेगळी नव्हतीच. मृगाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकायची, गवताचे कोंब उपटायचे, कौलं चाळायची, या कामाला भावकी जमायची. पोरं शिडीखाली टोपल्या धरायची, काम झालं की रस-पोळी. हिवाळ्यात भरीत. बामणोदची हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कळण्याची पुरी. शेतात किंवा काठावर बसून आठ-दहा घरची माणसं जेवतात. तळ्याकाठच्या वस्तीने हेच करावं. एकेका घराने एकटं झुरण्यापेक्षा, हिवाळ्यातला एक रविवार ठरवून सगळ्यांनी मिळून प्रत्येक घराच्या खांबांना दाभण लावत फिरावं, दुपारी भरीत करावं. जाळ मात्र घरापासून आणि सरपणापासून लांब, वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला घर येणार नाही असा. आणि लाउडस्पीकर आणू नये. पाण्यावर आवाज फार लांब जातो, समोरच्या काठाला झोपलेली म्हातारी माणसं असतात.

तेल लावायचे दिवस आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपासचे. लाकूड तेव्हा वर्षात सगळ्यात कोरडं असतं, तेल खोल मुरतं, आणि पावसाला अजून अवकाश असतो. लेकी माहेरी आलेल्या असतात, घर भरलेलं असतं, हातांना तोटा नसतो. पोरीबाळी घरातल्या तुळईलाही झोका बांधायला मागतात, आणि बांधावाच. पण आधी एक करा. तुळईचं मध्य मजबूत दिसतं म्हणून फसू नका. ती भिंतीत जिथे शिरते तिथे मातीची ओल धरते आणि कुजते ती टोकाशी. शिडी लावा, दोन्ही टोकांना वरून, खालून आणि बाजूंनी दाभण टोचा, खाली लाकडाचं पीठ पडलेलं आहे का बघा. टोक कडक लागलं तर दोर टाका. मऊ लागलं तर झोका यंदा बाहेर कडुलिंबाला बांधा, तुळईखाली त्याच दिवशी टेकू द्या आणि मृग लागायच्या आत सुताराला बोलवा.