कृषी विस्ताराचा पगार कोण देतो?

मंडळी, मला विषय दिलाय 'कृषी विद्यापीठांचा विस्तार: नेतृत्व आणि निधी'. विस्तार म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवण्याचं काम. ऐकायला रूक्ष वाटतो. पण ऐन फुलोऱ्यात सोयाबीन पिवळं पडायला लागलं आणि फोन कुणाला लावायचा हे सुचेना, की हाच विषय थेट बांधावर येतो. मी तो एकाच टोकाने धरणार आहे. शेतकऱ्याला सल्ला देणाऱ्या माणसाचा पगार कोण देतो? कारण पगार जिथून येतो, जाब तिकडेच द्यावा लागतो.

आपली कृषी विद्यापीठं अमेरिकेतल्या लँड ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर उभी राहिली. तिकडे १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या, त्या विकून शेतकीची कॉलेजं निघाली. १८८७ मध्ये संशोधन केंद्रांना पैसा मिळाला. विस्ताराचा कायदा मात्र यायला १९१४ उजाडलं. त्याआधी १९०३ साली टेक्सासमधल्या टेरेल नावाच्या गावी सीमन नॅप यांनी एका शेतकऱ्याच्या रानात प्रात्यक्षिक घेतलं. रान शेतकऱ्याचं, कष्ट त्याचेच, सल्ला नॅप यांचा. पीक बुडालं तर? त्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून भरपाईचा निधी बाजूला ठेवला होता. शेतकऱ्याला नफा झाला, निधीला हात लावावा लागला नाही. मला या गोष्टीत नॅपपेक्षा ते व्यापारी जास्त महत्त्वाचे वाटतात. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला तरच आपलं दुकान चालेल, हे त्यांना कळत होतं.

हीच रीत पुढे १९१४ च्या त्या विस्ताराच्या कायद्यात, म्हणजे स्मिथ-लिव्हर कायद्यात उतरली. केंद्राने पैसे द्यायचे, राज्याने तेवढीच भर घालायची, आणि काउंटीने, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याने, आपला वाटा उचलायचा. विस्तार अधिकारी विद्यापीठाचा, पण बसायचं काउंटीच्या कचेरीत. दरवर्षी बजेटच्या वेळी स्थानिक लोकप्रतिनिधी त्याला विचारणार, यंदा आमच्यासाठी काय केलंस? उत्तर पटलं नाही तर वाटा कमी होणार. म्हणजे संचालक राजधानीत असला तरी दोरी गावाच्या हातात.

ही व्यवस्था फार सुखाची आहे असंही नाही. गरीब काउंटीचा वाटा तुटपुंजा राहतो. आणि जिथे पैसा एकाच ठिकाणाहून येतो तिथे काय होतं, ते २०२५ मध्ये दिसलं. गरीब कुटुंबांना आहाराचं शिक्षण देणारा एक कार्यक्रम तिथली बरीच विद्यापीठं आपल्या विस्तार विभागातून चालवत होती. त्याचा पैसा केंद्राचा. जुलैत कायदा झाला, सप्टेंबरअखेर निधी बंद. वर्षानुवर्षं घरोघर जाणाऱ्या बायाबापड्यांच्या नोकऱ्या त्यासोबत गेल्या.

आता आपल्याकडे. राहुरीचं विद्यापीठ १९६८ चं, अकोल्याचं १९६९ चं, परभणी आणि दापोली १९७२ ची. अकोल्याच्या विद्यापीठासाठी १९६७ मध्ये आंदोलन झालं, गोळीबारात माणसं गेली. शेतीच्या विद्यापीठासाठी जीव देणारी माणसं या महाराष्ट्रात झाली, आणि आज त्याच विद्यापीठांतलं एखादं वरचं पद महिनोन्महिने 'प्रभारी' असलं तरी कुणी मोर्चा काढत नाही. प्रभारी अधिकारी सह्या करतो, बैठका घेतो. पाच वर्षांची योजना आखत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. उद्या खुर्ची राहील की नाही हे त्यालाच ठाऊक नसतं.

पण याहून मोठी अडचण मांडणीतच आहे. आपण विद्यापीठ घेतलं, काउंटीचा वाटा घेतला नाही. गावात जाणारा कृषी सहायक (२०२५ पासून पदनाम सहायक कृषी अधिकारी) कृषी विभागाचा, वर मंडळ, तालुका, जिल्हा अशी उतरंड, आणि सगळ्यांच्या वर पुण्याचं आयुक्तालय. विद्यापीठाच्या विस्तार शिक्षण संचालकाचा या सहायकावर काडीचा अधिकार नाही. आत्मा, म्हणजे जिल्ह्याची कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, तिच्यात जिल्हाधिकारी अध्यक्ष, पैसा २०१५-१६ पासून केंद्राचा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस. कृषी विज्ञान केंद्राला, म्हणजे जिल्ह्यात शेतकऱ्यांना प्रशिक्षण आणि प्रात्यक्षिकं देणाऱ्या केंद्राला, पैसा दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा, मग ते केंद्र विद्यापीठाकडे असो वा एखाद्या संस्थेकडे. एकाच शिवारात तीन पाट्या, तीन मालक. शेतकरी मात्र तिघांनाही 'कृषीवाले' म्हणतो, आणि त्याचं बरोबरच आहे!

कृषी विज्ञान केंद्रात मंजूर पदं सोळा. एक प्रमुख, सहा विषय विशेषज्ञ, बाकी सहायक, चालक, कार्यालयीन मंडळी. आता जूनमधलं एक आद्यरेषीय प्रात्यक्षिक घ्या, म्हणजे नवं तंत्र शेतकऱ्याच्याच रानात करून दाखवणं. एक एकर सोयाबीन, नवा वाण, बीजप्रक्रियेचं औषध, रायझोबियम या जिवाणू खताचं पाकीट, बीबीएफवर म्हणजे रुंद वरंब्यावर पेरणी. या सगळ्याची खरेदी मे महिन्यात व्हायला हवी. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, आणि हप्ता पडायला उशीर झाला की बियाणं पोचतं तेव्हा शेतकऱ्याने घरचं पेरून टाकलेलं असतं. मग तेच प्रात्यक्षिक उशिरा, उरल्यासुरल्या रानात होतं, आणि अहवालात ते 'पूर्ण' दिसतं. पैसे मिळाले का, हा प्रश्न सगळे विचारतात. पाऊस पडायच्या आधी मिळाले का, हे कुणी विचारत नाही.

स्थानिक पैशाचे नमुने आपल्याकडे नाहीत असं नाही. पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही ऊस संशोधनाची संस्था साखर कारखान्यांनी उभी केली, आणि गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखाने तिला पैसे देतात. द्राक्ष बागायतदारांचा स्वतःचा संघ आहे. पण हे नमुने कुठले आहेत बघा. ऊस आणि द्राक्षं. तूर, ज्वारी, कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्याकडून टनामागे कोण आणि कशातून कापणार? म्हणून 'लोकवर्गणीतून विस्तार' असं कुणी सांगायला लागलं की मी सावध होतो. बागायतीला वर्गणी झेपते. कोरडवाहूचा विस्तार सरकारलाच सांभाळावा लागेल, फक्त त्यातला एक हिस्सा जिल्हा नियोजन समितीतून यावा आणि त्याचा हिशेब जिल्ह्यातच द्यावा लागावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

नेतृत्वाबद्दल एकच उदाहरण देतो. जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विजयअण्णा बोराडे यांनी दर महिन्याच्या पाच तारखेला शेतकऱ्यांचं चर्चासत्र भरवायची प्रथा पाडली. निमंत्रणपत्रिका लागत नाही, पाच तारीख आली की लोक येतात. त्याला पैसा फार लागत नाही. लागतो तो वर्षानुवर्षं एका जागी टिकणारा माणूस, आणि बदल्यांच्या यादीतून असा माणूस मिळत नाही.

शेवटी कामाचं सांगतो. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राला शास्त्रीय सल्लागार समिती असते, तिच्यावर शेतकरी सदस्य असतात. तुमच्यापैकी कुणी असाल. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा सत्कार, नारळ, फोटो होऊ द्या. मग तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. सोळापैकी किती पदं भरलेली आहेत? खरिपाच्या प्रात्यक्षिकांचा पैसा कोणत्या तारखेला आला? आणि बियाणं शेतकऱ्याच्या हातात कोणत्या तारखेला पडलं?