दोन बोटं आणि न हलणारं पान

(दृश्य: ठाण्याचा मासुंदा तलाव, सकाळ)

तलावपाळीच्या कट्ट्यावर ऊन अजून तिरपं आहे, तरी आजोबांनी फोनवर हाताची सावली धरली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. वेबसाइटचं पांढरं पान उघडलं की उजेड डोळ्यांत पसरतो आणि अक्षरं त्यात विरून जातात. समोरच्या गडकरी रंगायतनला रविवारचा प्रयोग किती वाजता, एवढंच त्यांना बघायचंय.

(दृश्य: बोटं, अगदी जवळून)

अंगठा आणि तर्जनी. एकदा ताणली, पुन्हा ताणली. पान ढिम्म हलत नाही. कारण ते बनवणाऱ्याने आत एक ओळ लिहून ठेवलीय: झूम करू द्यायचं नाही. मांडणी विस्कटू नये म्हणून! आमच्या मते ही सरळसरळ अडवणूक आहे. आयफोनच्या सफारीने २०१६ पासून ही ओळ जुमानणं सोडलं. अँड्रॉइडवर क्रोममध्ये मात्र आपल्यालाच आत शिरावं लागतं: वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी. तिथे सक्तीने झूम चालू करायची खूण आहे. नात ती करून देते. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन रंग उलटे करते. काळ्यावर पांढरी अक्षरं.

(दृश्य: नौपाड्यातली गॅलरी)

या काकूंना काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं गेलंय, मधलं शाबूत आहे. मुलाने मायेने अक्षर मोठं करून दिलं, तर एका नजरेत दोनच शब्द मावायला लागले. त्यांनी ते पुन्हा बारीक करून घेतलं. मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, खराब झालेल्याचं नेमकं उलट: मधलंच पुसट, त्याला अक्षर मोठंच हवं. म्हणून डोळ्यागणिक पान बदलता आलं पाहिजे.

वेब सुगम्यतेच्या, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या, २०१८ च्या निकषांत हे आहेच. अक्षर दुप्पट केलं तरी मजकूर तुटू नये, ओळ वाचायला पान आडवं सरकवावं लागू नये, साध्या अक्षराचा पार्श्वभूमीशी उठाव (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये म्हटलं. पण ते प्रत्यक्षात उतरेपर्यंत पासवर्ड शेजाऱ्याला सांगून पैशांचे व्यवहार चालू आहेत.

(दृश्य: पुन्हा कट्टा)

नात बाजूला सरकते. आजोबांचं बोट ओळीखालून चाललंय.

(निवेदन थांबतं. आजोबांचा आवाज: “रविवार... दुपारी साडेचार.”)