शून्य ते शंभर, आणि मध्ये चिऱ्याचा ट्रक

(सावंतवाडी तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून.)

अध्यक्ष महाराज, मंडळी,

आजचा विषय, हायब्रिड सुपरकारचा पिकअप, मीच सुचवला, तेव्हा त्याबद्दल तक्रार करायला मला जागा नाही. मागे इथेच काजूच्या कलमांवर व्याख्यान झालं तेव्हा व्हरांड्यातही माणसं उभी होती. आज खुर्च्या उरल्यात. हरकत नाही. हायब्रिड सुपरकार, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरीची जोड दिलेली भन्नाट वेगाची गाडी, बाणकोटापासून बांद्यापर्यंत कुणाच्या अंगणात उभी नाही, आणि तरीही तुम्ही आलात. म्हणजे एकतर तुम्हाला गाड्यांची आवड आहे किंवा नंतरच्या बटाटावड्यांची.

मी आयटीआयला मोटार मेकॅनिकची पोरं शिकवली. दर नव्या बॅचमध्ये एक तरी विचारायचा, ‘सर, सगळ्यात जास्त पिकअप कुठल्या गाडीला?’ पूर्वी उत्तर सोपं होतं. मोठं इंजिन शोधायचं, हलकी बॉडी शोधायची, नाव सांगून मोकळं व्हायचं. २०१३ च्या सुमारास पंचाईत झाली. मॅक्लारेनची पी-वन, पोर्शची ९१८ स्पायडर आणि फेरारीची लाफेरारी या तिन्ही गाड्या एकाच हंगामात आल्या. अश्वशक्ती अनुक्रमे ९१६, ८८७ आणि ९६३. आणि तिघींतही पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि विजेची मोटर! तोवर हायब्रिड म्हणजे १९९७ ची टोयोटा प्रियस, म्हणजे पेट्रोलचा हिशेब वहीत लिहून ठेवणाऱ्या माणसाची गाडी, अशी आमची समजूत. मग २०१९ मध्ये फेरारीनेच एसएफ-९० आणली. इंजिनाची ७८० आणि तीन मोटरींची मिळून २२०, बेरीज बरोब्बर हजार. शून्य ते शंभर, म्हणजे उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटर, अडीच सेकंदांत.

जाता जाता, या एसएफ-९० च्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स गिअरच नाही. मागे जायचं झालं की पुढच्या चाकांच्या मोटरी उलट्या फिरतात. आपल्याकडे दोन गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधल्या वाटेत समोरून टेम्पो आला की जो प्रसंग ओढवतो, तो ही गाडी पेट्रोलचा थेंब न जाळता निभावेल. तिथवर पोचली तर.

आता अडीच सेकंद म्हणजे किती, ते बघू. माडावरून नारळ सुटला, तर हवेचा अडथळा सोडून दिला तरी त्याला ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला सुमारे २.८ सेकंद लागतात आणि त्यासाठी जवळजवळ ४० मीटर उंची लागते. आपला माड तेवढा उंच नसतो, नारळ त्याआधीच कुणाच्या तरी कौलावर पोचतो. म्हणजे ही गाडी आडव्या रस्त्यावर नारळाच्या पडण्यापेक्षा जोरात सुटते. पृथ्वी ज्या जोराने ओढते त्याहून जास्त जोराने चार टायर ढकलतात! हे निव्वळ अश्वशक्तीचं काम नव्हे. चारही चाकांना जोर मिळाला पाहिजे, टायर मऊ आणि गरम पाहिजे, रस्ता कोरडा पाहिजे. शिवाय अमेरिकेतल्या मासिकांची मोजायची रीत अशी की पहिला एक फूट हिशेबातच धरत नाहीत. गाडी फूटभर पुढे सरकली की मग घड्याळ सुरू. आमच्या परीक्षेत अशी सोय असती तर बऱ्याच पोरांचं कल्याण झालं असतं. (हशा)

रस्ता कोरडा पाहिजे म्हणालो. आपल्याकडे तो जूनमध्ये संपतो. ओल्या, शेवाळ धरलेल्या डांबरावर टायरची पकड निम्म्यावर आली असं धरा, तर हजार अश्वशक्ती असो नाहीतर दहा हजार, शंभरला पोचायला अडीचच्या दुप्पट, पाचेक सेकंद लागणारच. उरलेले घोडे जागच्या जागी चाकं फिरवत बसतील.

(मागून एक गृहस्थ: “ह्यां सगळां खरां, पण गाडी ॲव्हरेज काय देता तां सांगा!”)

भाऊ, येतो तिथे. तुमच्या प्रश्नापेक्षा मोठा प्रश्न मला आंबोलीच्या घाटात पडला, तो आधी ऐका. आजच्या व्याख्यानाचं मूळ तेच आहे.

माझा एक भाचा डोंबिवलीला असतो. गणपतीला आला तो नवी कोरी गाडी घेऊन. छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. आरती झाली की हा अंगणात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला शून्य ते शंभरचा आकडा सांगणार. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यांना तर त्याने तो इतक्या वेळा सांगितला की तेच पुढे पाहुण्यांना सांगायला लागले. गौरी-गणपती पोचवल्यावर पोरांनी हट्ट धरला, आंबोलीचा धबधबा बघायचा. गाडीत पाच माणसं, डिकीत टॉवेल, डबे आणि भाचेसुनेने ‘लागतील’ म्हणून घेतलेल्या सगळ्या वस्तू. दाणोली सोडली, चढ लागला, पाऊस लागला, आणि पुढे चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, भरलेला ट्रक लागला.

घाटात चिऱ्याच्या ट्रकमागे अडकणं काय असतं ते या सभागृहात सांगायची गरज नाही. काळा धूर, लाल पाणी, आणि फाळक्यावर लिहिलेला सुविचार वाचून वाचून पाठ होणं. ट्रक ताशी वीसने चाललेला. चार वळणं गेली. मग जरा सरळ तुकडा आला, क्लीनरने हात बाहेर काढून ‘चला’ म्हणून खूण केली. भाच्याने गाडी उजवीकडे काढली आणि ॲक्सिलरेटर खाली दाबला.

काहीच झालं नाही.

म्हणजे आवाज झाला. गिअरबॉक्सने विचार सुरू केला की खालचा गिअर टाकावा का, आणि टाकावा तर कितवा. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, झोपेतून उठला, त्याला आधी एक्झॉस्टची हवा पाहिजे, ती यायला इंजिन फिरलं पाहिजे, इंजिन फिरायला गिअर पडला पाहिजे. तोवर आम्ही ट्रकच्या मागच्या चाकाशी समांतर, समोर धुकं, आणि धुक्यातून बेळगावहून येणारी एसटी. मग अचानक गाडीने उसळी मारली. नको तेव्हा! भाच्याने ब्रेक मारला, आम्ही पुन्हा ट्रकच्या मागे. एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून जे सुनावलं ते मालवणीतलं उत्तम गद्य होतं, पण समोर महिलावर्ग आहे. आमची मंडळी मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, “धबधबा काय, पुढच्या वर्षीही असतो.”

वर पोचल्यावर चहा पिताना भाचा म्हणतो, “मामा, पण हिचं शून्य ते शंभर बघा ना.” अरे, शून्य ते शंभर जाऊ दे, वीस ते पन्नासचं बोल!

नंतर मला स्वतःला गाडी बघायची होती म्हणून एका शोरूममध्ये गेलो. सेल्समन पोरगा नम्र होता. त्याला म्हटलं, पाच माणसं, घाटाचा चढ, वीस ते पन्नासला किती वेळ लागतो? त्याने मला सनरूफ उघडून दाखवलं. सनरूफ! जिथे चार महिने डोक्यावरचं छप्पर गळू नये म्हणून माणूस देव पाण्यात घालून बसतो, तिथे हा मला छपराला पाडलेलं भोक वर पैसे घेऊन विकत होता. मी पुन्हा विचारलं, तर त्याने साहेबांना बोलावलं. साहेबांनी शून्य ते शंभर सांगितलं. हा आकडा छापणाऱ्यांनी आपलं गाव बघितलेलंच नाही. बॉक्साइटचे नाहीतर चिऱ्याचे ट्रक ज्या रस्त्यांवर चढतात, तिथे कुणी शून्यापासून सुरुवात करत नाही आणि शंभरला पोचत नाही.

गणित साधं आहे. शंभर मीटरला सात मीटर असा चढ असला, की गाडी हलकी असो वा भारी, तो तिच्या पिकअपमधून, म्हणजे दर सेकंदाला वाढणाऱ्या वेगातून, सेकंदाला ०.७ मीटर एवढं कापून घेतो. सुपरकारच्या ११ मधून ०.७ गेले तर तिला कळतही नाही. भाच्याच्या गाडीकडे त्या क्षणी दीडच असेल, तर निम्मी गेली. वर एक सेकंद विचारात गेला. त्या सेकंदात तुम्ही तीसने आणि एसटी चाळीसने येत असेल तर मधलं अंतर वीसेक मीटरने घटलं. म्हणजे दोन एसटी मागेपुढे उभ्या केल्या तर जेवढी जागा लागेल तेवढं!

(अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली.) दहा मिनिटं राहिली म्हणतात. मूळ विषय तर अजून आहे तसाच आहे, आता भरधाव जावं लागेल.

तर सुपरकारवाल्यांनी मोटर लावली ती पेट्रोल वाचवायला नव्हे, नेमका हाच विचारात पडणारा सेकंद काढून टाकायला. पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, फेरे वाढतात तसा एका मर्यादेपर्यंत वाढतो. विजेच्या मोटरीला पूर्ण टॉर्क शून्य फेऱ्यांपासून मिळतो. पी-वनचे टर्बो दाब धरेपर्यंत मधली पोकळी मोटर भरून काढते. त्यामुळे टर्बो मोठा लावता येतो आणि त्याच्या सुस्तीची भीती राहत नाही. गिअर बदलताना हीच मोटर उलटा जोर लावून इंजिनाचे फेरे पटकन खाली आणते. स्वीडनच्या कोनिगसेगने तर रेगेरात नेहमीचा गिअरबॉक्सच काढून टाकला, खालच्या वेगाची जबाबदारी मोटरींवर.

हे ज्ञान आलं बरंचसं शर्यतींतून. फॉर्म्युला वनमध्ये २००९ ला ब्रेकची ऊर्जा साठवून वापरायला परवानगी मिळाली: ६० किलोवॅट, एका फेरीत ४०० किलोज्यूल, म्हणजे साडेसहा सेकंदांचा ढकला. २०१२ ला ले मान्सची चोवीस तासांची शर्यत आउडीच्या हायब्रिडने जिंकली. पण कल्पना त्याहून जुनी. १९०० साली फर्डिनांड पोर्श यांनी व्हिएन्नात लोनर कंपनीत गाडी बनवली, तिचं पेट्रोल इंजिन फक्त वीज तयार करायचं आणि चाकं फिरवायच्या त्या चाकांतच बसवलेल्या मोटरी.

आता भाऊ, तुमचं ॲव्हरेज. १६०० किलोची गाडी शंभरला न्यायला ऊर्जा लागते साधारण ६२० किलोज्यूल, म्हणजे लाइटबिलातल्या एका युनिटचा सहावा भाग! ऊर्जा किरकोळ आहे, ती अडीच सेकंदांत ओतायची म्हणून एवढी यातायात. त्यामुळे हायब्रिडची बॅटरी लहान चालते, फक्त ती झटपट देणारी आणि झटपट घेणारी पाहिजे. ब्रेकमध्ये जाणाऱ्या त्याच ऊर्जेतला काही भाग परत मिळतो, म्हणून गावात ॲव्हरेजही वाढतं. एकाच मोटरीची ही दोन कामं आहेत.

आणि ही मोटर आता हजार अश्वशक्तीची मिरास राहिलेली नाही. २०२२ मध्ये आपल्याकडे होंडा सिटीची हायब्रिड आली. तिला टर्बो नाही. हळू वेगाला तिचं इंजिन वीज बनवतं आणि चाकं मोटर फिरवते, म्हणजे पोर्श यांची १९०० सालची मांडणीच. मोटरीचा टॉर्क २५३ न्यूटन-मीटर, आणि तो पहिल्या फेऱ्यापासून. त्याच वर्षी ग्रँड विटारा आणि इनोव्हा हायक्रॉस आल्या, त्यांच्या पूर्ण हायब्रिडची रचना वेगळी, दोन मोटरी आणि ग्रहचक्राचे गिअर, म्हणजे मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरतात ते, पण चिऱ्याच्या ट्रकमागे गुण तोच. फक्त ‘माइल्ड हायब्रिड’ असं छापलेलं असेल तर नीट चौकशी करा. त्यातली मोटर बहुधा इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही.

एक मर्यादा सांगतो, नाहीतर उद्या मला धराल. बॅटरी एका युनिटच्या आसपासची, त्यातलं साधारण अर्धं वापरायला मिळतं असं धरा. तीस किलोवॅटने ओढलं तर मिनिटभरात संपलं. दाणोलीपासून वरपर्यंत सलग दामटली तर घाटाच्या सुरुवातीलाच उरेल ते इंजिन. ओव्हरटेकला मिनिट पुष्कळ झालं, पण बॅटरीच्या जोरावर घाट चढायचा नाही.

उतरताना उलट. पाच माणसांची, १७०० किलोची गाडी पाचशे मीटर खाली आली की सव्वादोन युनिट ऊर्जा सुटते. टायर आणि वाऱ्याचं घर्षण काही खातं, तरी बॅटरीत मावेल त्याहून जास्त उरतं. बॅटरी भरली की मोटर तिच्यात वीज घालून गाडी रोखू शकत नाही. अशा वेळी गाडीत ‘बी’ची, म्हणजे उतारावर गाडी आपोआप रोखून धरणाऱ्या गिअरची, सोय असेल तर आधीपासून तीच लावा, नुसता ब्रेक दाबून गरम करू नका. गाडी आपणहून इंजिनाचे फेरे चढवून ती जास्तीची ऊर्जा उडवायला बघते, आणि उतारावर, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, इंजिन एकदम ओरडायला लागतं. ते बिघडलेलं नसतं. तेवढ्यासाठी रात्री-अपरात्री मला घाटातून फोन करू नका, तिथे रेंजही धड नसते.