कुठून आला आणि कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार. पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राला हायड्रोफोन म्हणतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्याच्या चौपटीहून जास्त. असे तीन-चार हायड्रोफोन लांब लांब सोडले की आवाज कुठे आधी पोचला, कुठे मागाहून, त्यावरून तो कुठून आला ते काढता येतं. पण कुठून आला हे कळणं वेगळं, कुणाचा हे कळणं वेगळं. पुन्हा सांगतो, कुठून हे वेगळं, कुणाचा हे वेगळं.

आता स्वीडनची गोष्ट ऐका. १९८१ साली तिथल्या कार्लस्क्रूना नौदल तळाजवळ एक सोव्हिएत पाणबुडी खडकावर अडकली. स्वीडनच्या हद्दीत, तीही विनापरवाना! तेव्हापासून नौदलाचे कान पाण्याकडेच. पुढे हायड्रोफोनवर एक आवाज वारंवार यायला लागला, कढईत भजी सोडल्यावर होते ना, तशी चरचर. पाणबुडीच असणार! शोध घ्यावा, तर हाती काही नाही. सोव्हिएत संघ संपला, चरचर संपेना. १९९४ मध्ये पंतप्रधान कार्ल बिल्ट यांनी रशियाच्या येल्त्सिन यांना पत्रही लिहिलं.

शेवटी १९९६ मध्ये मॅग्नस वालबर्ग आणि होकान वेस्टरबर्ग या शास्त्रज्ञांना ती गुप्त ध्वनिमुद्रणं ऐकवली. हे तर बुडबुडे! पण इतके बुडबुडे सोडतंय कोण? वालबर्गनी दुकानातून एक हेरिंग मासा आणला, पाण्यात धरला, पोट दाबलं. तोच आवाज! हेरिंगच्या पोटातली हवेची पिशवी मागच्या द्वारापाशी उघडते. थवा घाबरला की असंख्य मासे एकदम हवा सोडतात.

हेरिंग म्हणजे आपल्या तारली-पेडव्यांच्या कुळातला.

तर, हायड्रोफोननं आवाज बरोबर पकडला होता. कुणाचा, हे ओळखायला माशांचे आवाज आधी नोंदवलेले हवे होते. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं ग्रँड बेटापाशी अशी ध्वनिमुद्रणं केली आहेत. तिथे माशांचे कळप एकसाथ आवाज काढतात. मालवण, देवगड, हर्णैचीही व्हायला हवीत, आणि इंजिनांच्या घरघरीत ते आवाज बुडून जायच्या आत व्हायला हवीत.